पेरूचं व्रत

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. मध्येच हसलात की माझी लिंक तुटते, आणि मी मुळातच सावकाश बोलणारा माणूस. पस्तीस वर्षं उधन्याला लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, उभा राहिलो. त्या खडखडाटात बोलून उपयोग नसतो, त्यामुळे तोंडाची सवयच गेली. असा माणूस जेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मोठं खोटं बोलायला जातो, तेव्हा त्याची काय गत होते ते सांगतो. फजिती माझी आहे, तेव्हा सांगायचा हक्कही माझाच. आमच्या बिल्डिंगमधल्या बायका ती माझ्या आधीच सगळीकडे सांगून मोकळ्या झाल्यात, तो भाग वेगळा.

आम्ही मूळचे धुळ्याकडचे. आता डिंडोलीला मुलाच्या घरी असतो, तिसऱ्या मजल्यावर. शिक्षण म्हणाल तर चौथी. गुडघे लूमनं खाल्ले. चार लूमच्या मधल्या चिंचोळ्या वाटेत रोज बारा तास येरझाऱ्या घातल्या की कपडा निघत जातो आणि गुडघे झिजत जातात. गॅलरीत एक प्लास्टिकची खुर्ची आहे. ती खुर्ची आणि मी, दोन वर्षं आम्ही एकमेकांना सोडलं नव्हतं.

तर झालं काय, आमच्या सिंधूला घेरी यायला लागली. सिंधू म्हणजे माझी बायको. भाकरी थापता थापता भिंत धरायची.

"काय झालं?" विचारलं की म्हणायची, "माले काय व्हयनं? मी बेस शे."

मला काय झालंय, मी ठीक आहे, असं. घरात आमची अहिराणी चालते. तुमच्यासाठी पुढचं सरळ मराठीत सांगतो. पण ठीक असलेला माणूस भिंत धरून "मी ठीक आहे" म्हणत नाही, एवढं मलाही कळतं.

शेवटी सून वंदना आम्हा दोघांना रिक्षात घालून डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. जातोच आहोत तर आप्पांचे गुडघेही दाखवू, म्हणाली. आप्पा म्हणजे मी.

रक्त तपासलं. कमी निघालं. बाईंनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, पालेभाजी, डाळी, कडधान्यं खा म्हणाल्या, आणि वर रोज एक फळ.

मला वाटलं, इथे आपलंही डोकं चालतं हे दाखवावं. म्हटलं, "लाल फळं ना, बाई? डाळिंब, कलिंगड?"

बाई हसल्या. "काका, रक्त लाल असतं म्हणून फळ लालच लागतं असं नाही. पेरू द्या, आवळा द्या, संत्रं, मोसंबी द्या. भाजीतलं, डाळीतलं लोह अंगी लागायला ती मदत करतात. आणि अख्खं फळ खायचं, रस काढून चोथा टाकायचा नाही. जेवणाला लागून चहा घ्यायचा नाही, त्यानं उलटं होतं."

"म्हणजे ताण्याला बाणा लागतो तसं," मी म्हटलं. "उभा धागा कितीही चांगला असो, आडवा नसेल तर कपडा होत नाही."

"अगदी तसंच," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "आणि काका, तुम्ही रोज चाला. बसून बसून गुडघे आणखी आखडतील."

मी मान हलवली. डॉक्टरांपुढे मी नेहमी मान हलवतो. घरी आलो आणि खुर्चीत बसलो.

आता आमच्या घरातल्या फळांचं जरा सांगायला हवं. आमच्याकडे फळ दोनच कारणांनी येतं. कुणी दवाखान्यात पडलं तर, नाहीतर कुणाचा उपास असेल तर. हातात केळ्यांची पिशवी घेऊन आमच्यातला माणूस रस्त्यानं निघाला की लोक विचारतात, "कोण ॲडमिट आहे?" धडधाकट बाईनं मंगळवारी दुपारी पाय पसरून बसायचं आणि स्वतःसाठी पेरू खायचा, हे सिंधूला पटणं शक्यच नव्हतं. तिच्या मते ते आजारपण तरी होतं किंवा थेर तरी.

वंदनानं पहिल्याच दिवशी सहा पेरू आणले. सिंधूनं धुतले, कापले, तिखटमीठ लावलं. दोन नातीच्या डब्यात गेले. एक शेजारच्या गुजराती हसुबेनकडे. एक मुलाला, एक वंदनालाच. सहावा कुठे गेला म्हणून मी विचारणार, तर तो माझ्याच हातात होता, अर्धा खाल्लेला.

असं आठ दिवस चाललं. घरात फळं रोज येत होती आणि सिंधू सोडून सगळ्यांची तब्येत सुधारत होती.

आणि एक दिवस ती स्वयंपाकघरात खाली आडवीच झाली. हाताला पीठ तसंच. मी खुर्चीतून हाक मारली तर उत्तर आलं नाही. उठून तिच्यापर्यंत पोचायला मला इतका वेळ लागला, की तो वेळ मी अजून विसरलेलो नाही. पोचलो तोवर ती उठून बसली होती आणि मलाच म्हणत होती, "तुम्ही कशाला उठलात?"

लग्नाला बेचाळीस वर्षं झाली. या बाईला दिवसा आडवी झालेली मी पाहिली नव्हती. त्या दिवशी मात्र मी ठरवलं. हिला फळ खायला घालायचं, काही करून.

पण कसं? मी सांगितलेलं ती कधी ऐकत नाही. मुलाचं ऐकत नाही, डॉक्टरांचं तर नाहीच. ती ऐकते फक्त देवाचं.

मार्गशीर्ष चालू होता. गुरुवारी तिनं पाटावर कलश मांडला, पुढे पाच फळं ठेवली, स्वतः दिवसभर उपाशी राहिली, आणि दुसऱ्या दिवशी ती पाचही फळं बिल्डिंगमध्ये वाटून आली. मी गॅलरीतून बघत होतो. आणि बघता बघता मला ती अवदसा आठवली.

सिंधू मेथी निवडत बसली होती. मी घसा साफ केला.

"अगं, परवा उधना स्टेशनच्या बाकावर एक म्हातारा भेटला. सावद्याकडचा."

"बरं," ती मान वर न करता म्हणाली.

"म्हणाला, गुडघ्यांवर एक व्रत आहे."

"कुणी करायचं? तुम्ही?"

"नाही. नवऱ्याच्या गुडघ्यांसाठी बायकोनं."

"ते आलंच."

"सोपं आहे. रोज एक फळ खायचं, एक्केचाळीस दिवस. अख्खं, स्वतः. त्यातली फोड कुणाला द्यायची नाही. नातीला नाही, सुनेला नाही, नवऱ्याला तर नाहीच. दिली की तो दिवस फुकट."

तिचा हात थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं.

"परवा भेटला?"

"परवा."

"उधना स्टेशनवर?"

"बाकावर."

"मग करायलाच हवं," ती म्हणाली आणि परत मेथीकडे वळली.

मला वाटलं, जिंकलो. इतकं सोपं असेल असं माहीत असतं तर मी बेचाळीस वर्षं खरं बोलण्यात घालवली नसती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिशवी घेऊन माझ्या खुर्चीपुढे उभी.

"चला, फळ घेऊन या."

"वंदना आणेल ना."

"व्रताचं फळ ज्याचे गुडघे त्यानंच पायी जाऊन आणायचं असतं. ताजं. रोज एकच."

"म्हातारा असं नाही म्हणाला."

"त्याला माहीत नसेल. पुरुष होता ना. व्रतातलं बायकांना जास्त कळतं."

व्रत मीच घरात आणलं होतं. काठी घेतली आणि निघालो. लारी, म्हणजे फळांची हातगाडी, आमच्या गल्लीच्या तोंडाशीच उभी असते. तिच्यावर फळं विकतो तो इस्माईलभाई. तिथवर जायला मला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात आगगाडी नंदुरबारला पोचली असती.

"आओ काका," तो म्हणाला. "कितना दूँ? किलो?"

"एक."

"एक किलो?"

"एक जामफळ." इकडे गुजरातीत पेरूला जामफळ म्हणतात.

त्यानं माझ्याकडे, माझ्या काठीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "घरमें कोई बीमार है क्या, काका?"

घरी येऊन पाहतो तर सिंधू पेरू घेऊन मोरीपाशी पाटावर बसली, भिंतीकडे तोंड करून, चोरून खाल्ल्यासारखी. पण खाल्ला. अख्खा. साखरेतली मुंगी मोजावी तशी मी प्रत्येक फोड मोजत होतो.

मग मला जोर चढला. तिसऱ्या दिवशी जेवण झाल्या झाल्या तिनं चहाचं आधण ठेवलं.

"अगं, म्हातारा म्हणाला होता, जेवणाला लागून चहा चालत नाही या व्रताला."

"हे आज आठवलं?"

"मला सगळं हळूहळूच आठवतं."

पाचव्या दिवशी मला आठवलं की रस चालत नाही. सहाव्या दिवशी आठवलं की गोळी चुकवायची नाही.

"सावद्याच्या म्हाताऱ्याला लोहाची गोळी ठाऊक होती?" सिंधूनं विचारलं.

"शिकलेला असावा."

"असावा," ती म्हणाली.

पण मी एक नियम आठवला की तिला एक आठवायचा. दुसऱ्या आठवड्यात म्हणाली, "आता पलीकडच्या चौकातल्या लारीवरून आणा. व्रत पुढे गेलं की वाट लांबवायची असते." तिसऱ्या आठवड्यात म्हणाली, "जाताना लिफ्ट नको. उतरायचं पायी, यायचं लिफ्टनं." आणि संध्याकाळी माझ्या पायांकडे बघून विचारायची, "गुण येतोय का?"

येत नाही म्हणालो तर ती व्रत सोडणार. म्हणून मी म्हणायचो, येतोय. नुसतं म्हणून भागत नव्हतं, तिच्यासमोर तसं चालावंही लागायचं. तिच्या नजरेच्या टप्प्यात मी ताठ, आणि जिन्याचं वळण आलं की कठड्याला मिठी.

इथवर घरातलं घरात होतं. पण हसुबेननं मला रोज दारावरून जाताना पाहिलं आणि सिंधूला विचारलं. सिंधूनं सांगितलं. झालं. दुसऱ्या दिवशी हसुबेन दारात.

"काका, आ व्रतनी चोपडी क्यां मळे?"

या व्रताची पोथी कुठे मिळते, म्हणून विचारत होती. "चोपडी नथी, बेन," मी म्हटलं. "तोंडी आहे."

मग खालच्या मजल्यावरची मंगल आली. बीडकडची. "आप्पा, आमच्या मालकाची कंबर धरलीय. गुडघ्याचं व्रत कमरेला चालतं का?"

"चालावं."

"आणि मला साखर आहे. मग फळ कोणतं घेऊ?"

मला घाम फुटला. खोटं बोलून कुणाची साखर वाढली तर? म्हटलं, "साखर असेल तर फळ डॉक्टरला विचारूनच निवडायचं, असा कडक नियम आहे. नाहीतर व्रत फळत नाही."

मंगल खरंच डॉक्टरकडे जाऊन आली. तिच्या मालकानं मात्र मला जिन्यात गाठलं.

"आप्पा, बारा तास लूमवर उभं राहून घरी येतो तर ही म्हणते, आधी पायी जाऊन फळ आणा. तुमचा तो म्हातारा एकदा माझ्या हाती लागू द्या."

"मोठा माणूस आहे, असं बोलू नये."

"मी जाऊन आलो ना उधना स्टेशनवर त्याला शोधायला."

मी कठडा धरला. "मग?"

"तिथला चहावाला म्हणाला, हो, बसतो असा एक म्हातारा बाकावर. आज आला नव्हता."

तुम्हीच सांगा, अशा वेळी माणसानं काय करावं? माझा म्हातारा माझ्याशिवाय चालायला लागला होता.

महिना होईतो बिल्डिंगमधल्या अकरा घरांत व्रत सुरू झालं. सकाळी लुंगीवाले, बनियनवाले, पाळीवरून आलेले सगळे पुरुष एकेक पिशवी घेऊन ओळीनं निघत, आणि माझ्याकडे असं बघत की मी मान खाली घालायचो. चौकाकडे जाताना इस्माईलभाईनं मला अडवलं, तो तर काळजीत पडला होता.

"काका, तुम्हारी बिल्डिंगमें क्या बीमारी आई है? सब एक-एक फल ले जाते हैं. किलो कोई नहीं लेता."

मी त्याला खरं सांगितलं, म्हणजे खोटंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यानं एक वेगळी टोपली मांडली आणि मला बघून ओरडला, "काका, व्रतवाला माल अलग रखा है."

आणि उजाडला आमचा एक्केचाळिसावा दिवस. उद्यापन आमच्या घरी. अकरा बायका, प्रत्येकीच्या हातात एक फळ. सतरंजी अंथरली. हळदीकुंकू झालं. मी गॅलरीत सटकणार, तेवढ्यात मंगल म्हणाली, "कहाणी कोण सांगणार? आप्पांनीच सांगायला हवी. म्हातारा त्यांनाच भेटला."

मला मध्ये बसवलं. खाली, मांडी घालून. त्या सकाळी वंदना सिंधूचा रक्ताचा रिपोर्ट आणायला गेली होती, आणि माझं सगळं लक्ष दाराकडे. रक्त वाढलं नसेल तर एवढ्या बायकांना फसवून मी मिळवलं काय?

"आटपाट नगर होतं," मी सुरू केलं. "त्याचं नाव उधना."

बायकांनी हात जोडले.

"तिथे एक कारीगर राहायचा. त्याची बायको घरात सगळ्यांना वाढायची. सगळ्यांचं झालं की मग काय उरलंय ते बघायची. नसलं तर पाणी प्यायची. कारीगराला वाटायचं, हिचं जेवण झालं असेल. त्यानं कधी विचारलं नाही."

मंगलनं पदर डोळ्यांना लावला. मी थांबलो, कारण ही कहाणी नव्हती.

"पछी?" हसुबेननं विचारलं. मग पुढे?

"मग एक दिवस तिला घेरी आली. कारीगर घाबरला. खूप घाबरला. मग देव..."

"कया देव?"

देव ठरवायचा राहिलाच होता. अकरा बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या. कपाळावरचा घाम नाकावर आला.

"या व्रतात देवाचं नाव घ्यायचं नसतं," मागून सिंधूचा शांत आवाज आला. "पुढे सांगा तुम्ही."

"मग बायकोनं रोज एक फळ खाल्लं आणि कारीगराचे पाय बरे झाले."

हसुबेन गोंधळली. "खाधुं एणे, ने सारो थयो ए?" खाल्लं हिनं आणि बरा झाला तो?

"तेच तर व्रत आहे," सिंधू म्हणाली.

"आता आप्पांनी उठून दाखवायचं," मंगल म्हणाली. "कशाला न धरता."

मी उठलो. कसा उठलो ते देवाला ठाऊक, ज्याचं नाव घ्यायचं नसतं त्याला. एक हात जमिनीला टेकला, पण तो मी नमस्कारात खपवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि उभा राहिल्यावर माझ्या लक्षात आलं, दुखलं होतं, पण पूर्वीइतकं नाही.

तेवढ्यात वंदना आली. दारातूनच म्हणाली, "आई, रक्त वाढलं. बाई म्हणाल्या, असंच चालू ठेवा."

मी गॅलरीत जाऊन चष्मा पुसत उभा राहिलो. चष्मा स्वच्छच होता.

संध्याकाळी सगळं आवरल्यावर सिंधू पेरू कापत गॅलरीत येऊन बसली. आता भिंतीकडे तोंड करत नव्हती. मला राहवेना.

"सिंधू, एक सांगायचं होतं. तो स्टेशनवरचा म्हातारा... तो नव्हताच."

सुरी थांबली नाही. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"तुम्ही सांगितलं तेव्हापासून. अहो, दोन वर्षं या खुर्चीतून मोरीपर्यंत जाताना चारदा 'आई गं' म्हणत होतात. मग उधना स्टेशनवर गेलात कसे? उडत?"

खरं सांगतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या संध्याकाळपर्यंत नाही. सावदा सुचलं, बाक सुचला, एक्केचाळीस दिवस सुचले. मी तिथे पोचलो कसा, एवढंच राहिलं.

"मग एवढे दिवस खाल्लंस कशाला?"

"बाई म्हणाल्या होत्या, यांना चालवा. मी म्हटलं असतं, तर उठला असतात?" तिनं फोडीला मीठ लावलं. "म्हटलं, मी पेरू खाल्ला की हा माणूस जिना उतरतो. मग खावा."

पेरूचा वास छान सुटला होता. मी हळूच हात पुढे केला, तर तिनं ताटली बाजूला ओढली.

"अंहं. फोड कुणाला द्यायची नाही. नवऱ्याला तर नाहीच. आणि उद्याचा पेरू घरात नाहीये. सकाळी जाऊन घेऊन या."

"अगं, व्रत संपलं ना आज."

"नाही संपलं. मला आज तो म्हातारा भेटला. म्हणाला, आणखी एक्केचाळीस दिवस."

"तुला कुठे भेटला?"

"इथेच," सिंधू म्हणाली. "गॅलरीत, प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता."